ती वायर मी जोडली होती

भाऊ, तू गेलास म्हणून मी भांडण सोडून देईन असं तुला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढ. सोमवारी सकाळी आपलं भांडण ऐन रंगात आलेलं होतं. तू मध्येच छातीवर हात ठेवून म्हणालास, "आज राहू दे, शोभे, कसं तरी व्हई ऱ्हायनं." मला वाटलं, हरायला लागलास की तुझं नेहमी काहीतरी दुखतं. मी म्हटलं, "सोंगं नको करू." आणि संध्याकाळी तू नव्हतास.

ते माझं वाक्य मी रोज ऐकते. त्याची माफी मागायची आहे, ती मागते. पण फक्त त्या वाक्याची. बाकीचं भांडण जसंच्या तसं आहे आणि आज एकविसाव्या दिवशी मी ते पुढे चालू करते आहे. तू ऐकून घे, कारण आता तुला गिऱ्हाईक आलं म्हणून उठून जाता येणार नाही.

भांडण पडद्यावरून होतं. साक्री रोडवरच्या आपल्या दुकानात पुढे तू, मागे मी, आणि मध्ये तो निळा प्लॅस्टिकचा पडदा. गिऱ्हाइकाची गाडी समोर लागायची. तू डॅशबोर्डातून टेप काढायचास, पडदा बाजूला करून माझ्या टेबलावर ठेवायचास. मी तो उघडायचे, आतलं काम करायचे, झाकण लावायचे. तू पुन्हा बाहेर नेऊन बसवायचास. सतरा वर्षं हेच. पुढच्या माणसाला वाटायचं, मागे भाऊचं सामान ठेवायचं गोदाम आहे.

काम तरी काय, तर जुन्या गाडीत कंपनीतूनच आलेल्या टेपला ऑक्स, म्हणजे मोबाइलची पिन घालायची सोय, बसवणं. लोकांची गाणी मोबाइलमध्ये गेली आणि टेप राहिले कॅसेट आणि रेडिओ ऐकवत. आपल्या ओळीतले बाकीचे दुकानदार सांगायचे, फेका तो डबा, नवीन स्क्रीनवाला बसवा. पण काही गाड्यांत टेप डॅशबोर्डातच मुरवलेला असतो. तो काढला की तिथे असं भोक पडतं की दुसरं काही धड बसत नाही, आणि गाडी दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसते. तुझं एकच म्हणणं, "येनं तोंड नको बदलू, पोट बदल." सांगायला सोपं होतं रे. पोट मला बदलायचं होतं. रेडिओचा आवाज बोर्डावरून व्हॉल्यूमकडे जिथून जातो, ती जागा शोधायची, तिथे तो तोडायचा आणि मध्ये जॅक घालायचा. पिन घातली की रेडिओ गप्प, मोबाइल सुरू. पिन काढली की पुन्हा रेडिओ. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त ॲशट्रेशेजारी एक बारीकसं भोक दिसतं. पहिल्या टेपात ती जागा सापडायला मला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत तू त्या गिऱ्हाइकाला काय काय थापा मारल्यास ते तुलाच माहीत.

थापा मारण्यात तू पटाईत. काम झालं की गाडी एकदा चालवून बघावी लागायची, कारण उभ्या गाडीत आवाज स्वच्छ येतो आणि चालत्या गाडीत खरखर सुरू होते. कान माझा लागायचा. पण गिऱ्हाइकाच्या गाडीत बहिणीला कशाला बसवतो, असं कोणी विचारलं तर? तू पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झालास, "बहिणीला जरा दवाखान्यात सोडून येतो." मग काय, दर दोन-चार दिवसांनी मी दवाखान्यात. पारोळा रोडच्या दिशेने गाव संपेपर्यंत तू गाडी पळवायचास आणि मी मागे डोळे मिटून बसायचे. "काय ऐकू येस?" तू विचारायचास. "डावीकडे जरा पातळ आहे," मी म्हणायचे. सगळा साक्री रोड मला आजारी समजायचा. चहावाल्याची बायको माझ्यासाठी उपास करायची, भाऊ. मी धडधाकट असताना.

हे मी हसून सांगते आहे, कारण तेव्हा आपण दोघंही हसायचो. खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगलेच होते. मी चाळीसगावहून एक पिशवी घेऊन परत आले, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, काय झालं, कोणाचं चुकलं, परत कधी जाणार. तू पिशवी हातातून घेतलीस आणि विचारलंस, "तुले सोल्डरिंग येस ना आजून?" बस. सासरचा विषय तू पुन्हा कधी काढला नाहीस. आयटीआयला रेडिओ-टीव्हीचं शिकलेली मी, आणि लहानपणापासून बारीक कामाला हात थरथरणारा तू. सुईत दोरा ओवायलाही तुला आई लागायची. पण अख्खा डॅशबोर्ड उचलून बाजूला ठेवावा आणि एक क्लिप तुटू नये, हे मी दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिलं नाही. तू बाहेरचा, मी आतली. तेव्हा ती वाटणी मला बरोबर वाटली. चार माणसांसमोर यायची माझी तरी कुठे तयारी होती.

आठवतं, आपण एसटीने जळगावला जायचो, भंगारात पडलेले टेप शोधायला? मला उघडून बघायला, जाळायला, शिकायला. परतताना गोणीत आठ-दहा मेलेले टेप आणि पोटात भरीत. कंडक्टर विचारायचा गोणीत काय, आणि तू सांगायचास कांदे. थंडीच्या दिवसांत खिडकी बंद करून तू मला विचारत बसायचास, हा कोणत्या कंपनीचा, याच्यात आवाज कुठून कुठे जातो. समजायचं काही नाही, पण मान मात्र डोलवायचास. माझ्या कामाबद्दल मला कोणी इतकं विचारलेलं नव्हतं. नवऱ्याने तर नाहीच.

मग दोंडाईच्याच्या शेठची गाडी झाली. माझ्याकडे रेडिओचा आवाज तोडणारा जॅक नव्हता, साधा होता. मी विचार केला, काय फरक पडतो. शेठ पाहुणे घेऊन पिंपळनेरला साखरपुड्याला निघाले. व्याह्यांना पुढे बसवलं, मोबाइलवर अभंग लावला. अभंग सुरू झाला, आणि त्याच्याखालून रेडिओही सुरूच. विठ्ठल विठ्ठल म्हणता म्हणता मध्येच बाई खाजेवरच्या मलमाची जाहिरात करायला लागली. व्याही हसले, शेठ नाही हसले. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर येऊन त्यांनी तुझी सालटी काढली. मी पडद्यामागे उभी होते. तू हात जोडून म्हणालास, "शेठ, चूक मनी शे. कोणाचीच नही, मनीच." आत आलास, मला काही बोलला नाहीस. मी रडत होते. तू म्हणालास, "दुसरा जॅक आन आणि रडनं बंद कर, बोर्डावर पानी पडी."

त्या दिवशी मला वाटलं, असा भाऊ सगळ्यांना मिळो. आजही वाटतं. पण भाऊ, जो माणूस चूक स्वतःच्या अंगावर घेतो ना, शाबासकीही त्याच्याच अंगावर पडते. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. लोक यायचे, पेढे ठेवायचे, "भाऊ, काय हात आहे तुमचा!" म्हणायचे. तू पडद्याकडे बघायचास. मला फटीतून तुझी मान वळलेली दिसायची. तेवढंच. एकदाही तोंडातून निघालं नाही, की हात माझा नाही, हिचा आहे. मी विचारलं तर म्हणायचास, "सांगं तर गिऱ्हाईक पळी जाई. बाईनं उघडेल टेप कोन बसाडी गाडीमा?" तुझं काही अगदीच खोटं नव्हतं. पण पहिल्या वर्षी जे खरं असेल ते सतराव्या वर्षीही खरंच राहील, हे तू कोणाला विचारून ठरवलंस?

सोमवारी मी एवढंच म्हणत होते. पडदा काढ. टेबल पुढे आण. गिऱ्हाईक पळालं तर पळालं, चूक झाली तर लोकांनी मला बोलावं. मला नुसती शाबासकी नको होती रे. मला शिव्याही माझ्या हव्या होत्या. तू म्हणालास, दिवाळीनंतर पाहू. मी म्हटलं, दिवाळी दर वर्षी येते. आणि मग तू छातीवर हात ठेवलास.

आता दहाव्याचं सांगते. नदीवरून सगळे परत आले आणि मंडपात बसले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं सुरू झालं. भाऊ असा होता, भाऊ तसा होता. कंपनीच्या टेपला हात लावणारा खान्देशात एकच, अख्ख्या धुळ्यात असा कारागीर होणे नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते. तुझी स्तुती ऐकून मला रडू येत होतं आणि त्याच वेळी डोकं तापत होतं. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मला त्या दिवशी समजलं. मग आपले आबाकाका वहिनीकडे वळून म्हणाले, "आते कारागीरच गया, दुकान कसाले ठेवानं? मना जावाईले दी टाका गाळा. तो मोबाइलना कव्हर इकी."

तुझं दुकान. माझं टेबल. त्यावर मोबाइलची कव्हरं.

मी पुढे झाले. चारशे डोळे माझ्यावर, पण पाय मागे गेला नाही. म्हटलं, "कारागीर गया नही, आबा. कारागीर आठे उभी शे. आतलं बठ्ठं काम मी करस. सतरा वरीसपासून."

मग मावशीनं हळूच विचारलं, "पन माय, तू ते कायम आजारी ऱ्हास ना?"

भाऊ, त्या क्षणी तू समोर असतास ना, तर मी तुला बदडलं असतं. आणि हसलेही असते. पण वहिनी हसली नाही. तिला सगळं माहीत होतं. रोज दुपारी दोन डबे घेऊन यायची ती, एक पुढे, एक पडद्यामागे. आबांनी तिच्याकडे बघितलं, सगळ्यांनी बघितलं. तिच्या एका शब्दावर सगळं होतं, कारण दुकान आता तिचं आहे. ती खाली बघून म्हणाली, "शोभाताई, आज नका बोलू. आज त्यास्नं नाव नका पुसू." आणि आत निघून गेली.

ते वाक्य मला लागलं. मी तुझं नाव पुसत होते का? रात्रभर स्वतःला हेच विचारलं आणि सकाळी स्वतःलाच उत्तर दिलं, नाही. तुझ्या नावाखाली माझं नाव सतरा वर्षं दबलेलं होतं, ते मी फक्त ओढून बाहेर काढत होते. ते करताना तुझं थोडं हललं असेल, तर त्याला माझा नाइलाज आहे.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी मी दुकान उघडलं. वहिनीनं अजून नाही म्हटलेलं नव्हतं, मग कशाला थांबू? आधी पडदा काढला. टेबल ओढत पुढे आणलं. ओळीतले दुकानदार बघत होते. पहिला दिवस कोणी फिरकलं नाही, दुसरा दिवसही तसाच. एक जण आला, "भाऊ?" म्हणाला, मी सांगितलं, तो हळहळला, मी म्हटलं काम काय आहे, तर "येतो नंतर" म्हणून गेला. तुझं म्हणणं खरं होताना दिसत होतं आणि मला त्याचाच राग येत होता.

काल दुपारी वहिनी आली. डबा एकच होता. तुझ्या स्टुलावर बसली, हातानं स्टूल पुसत राहिली. मग म्हणाली, "ताई, मी आबास्ले हो सांगी देस. गाळा असा रिकामा ठेवीसन कसं चाली? गिऱ्हाईक ते येत नही." मी काही बोलायच्या आधी बाहेर हॉर्न वाजला.

यावलकडचे एक केळीवाले काका. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग, तोंडावर राग. गाडीतून उतरायच्या आधीच सुरू, "कुठे आहेत भाऊ? तीन वर्सं झाले, ऑक्स बसवेल आहे त्यांनी. मोबाइल चार्जरला लावला का टेप कूं करतो. ॲक्सिलेटर दाबला का अजून जोरात कूं. विचारलं का भाऊंचं नुसतं पुढच्या वेळी, पुढच्या वेळी!" मी सांगितलं की तू गेलास. त्यांनी टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "आता हे कोण पाहील?"

"मी," म्हटलं.

भर रस्त्यात, सगळ्यांसमोर मी पहिल्यांदा स्वतः टेप बाहेर काढला. एक क्लिप तुटली. तुझ्या हातून तुटली नसती, ते कबूल करते. गाडी चालू ठेवली, चार्जर लावला, कान दिला. कूं कशाने येतं ते ऐकल्या ऐकल्या कळलं. जॅकची अर्थिंगची वायर दोन ठिकाणी गेली होती. ती बोर्डावरच्या अर्थिंगलाच परत जायला हवी, दुसरीकडे कुठेही नाही. मी आत वाकून बघितलं. माझं सोल्डर जागच्या जागी होतं. पण बसवताना वायर कमी पडली असेल, म्हणून कोणीतरी ती मध्येच सोलून डॅशबोर्डाच्या लोखंडी पट्टीला स्क्रूनं आवळली होती. त्या स्क्रूखाली दोन वॉशर. दोन वॉशर घालणारा धुळ्यात एकच माणूस होता, भाऊ. एकानं ढिलं पडतं म्हणायचास.

"काय निघालं?" काकांनी विचारलं. "कोणाची चूक?"

वहिनी स्टूल सोडून दारापर्यंत आली होती. पदर हातात गच्च धरलेला. ती काकांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मला इतकी वर्षं हेच तर हवं होतं. तुझं काम तुझं, माझं माझं, मध्ये स्पष्ट रेघ. रेघ समोर होती. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते खरं होतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला, स्क्रू तिथेच होता. मी तोंड उघडलं.

"चूक माझी आहे, काका. ही वायर मी जोडली होती."

"म्हणजे भाऊंनी नाही?"

"नाही. त्यांचं काम चोख होतं."

काका भडकले. तू गेल्याचं ऐकून तीन वर्षांचा जो राग त्यांनी गिळला होता, तो सगळा माझ्यावर काढला. बाईनं कशाला हात घालावा, कळत नाही तर करावं कशाला, त्यांचे कान गेले, गेल्या लग्नसराईत पाहुण्यांसमोर लाज गेली. शेजारचे दुकानदार बाहेर आले. मी मान खाली घातली नाही. सगळं ऐकून घेतलं, उभं राहून, उघड्यावर. मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. हे मी प्रेमानं केलं असं समजू नकोस. तुझा चांगुलपणा मला लागला असंही समजू नकोस. वहिनीचा चेहरा बघवला नाही, एवढंच. बाकी तुझ्यावरचा माझा राग आहे तेवढाच आहे, उलट काल थोडा वाढलाय.

काका दम घ्यायला थांबले, तेव्हा वहिनी पायरी उतरून खाली आली. तिनं आतलं स्टूल उचलून आणलं आणि काकांसमोर ठेवलं.

"बठा, काका," ती म्हणाली. "ती करी देई. आठलं बठ्ठं काम तिनंच शे."

मी स्क्रू काढला. वायरीला जोड देऊन ती लांब केली, बोर्डापर्यंत नेली, सोल्डरचा डाग दिला. गाडी चालू केली, चार्जर लावला, ॲक्सिलेटर दाबला. कूं बंद. काका डोकं हलवत राहिले. आबांना काय कळवायचं ते वहिनीनं पुन्हा काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "उद्या डबा कितीक वाजता आनू?"

सतरा वर्षांत चारचौघांत माझ्या नावावर लागलेलं हे पहिलं काम, भाऊ, आणि ते तुझं होतं. ये आता. ये आणि भांड माझ्याशी.